घरचे ॲक्वापोनिक्स: खाद्याच्या ग्रॅमपासून टाकीपर्यंत

माशांच्या टाकीतले पाणी पंपाने रोपांच्या वाफ्यांत फिरवून परत टाकीत सोडायचे, अशी मातीविना केलेली बाग म्हणजे ॲक्वापोनिक्स. ती करायचे ठरले की पहिला प्रश्न बहुधा हाच येतो: पाचशे लिटरच्या टाकीत किती मासे मावतील? तिथेच हिशेब चुकायला लागतो. माशांच्या पोटातून जाणारे खाद्य हेच या बागेचे जवळजवळ सगळे खत असते. म्हणून विचारायचा प्रश्न असा की, रोज किती ग्रॅम खाद्य टाकणार आणि ते किती रोपांना पुरणार. टाकी, पंप, खडी, माशांची संख्या हे सगळे त्या एका आकड्यावरून ठरते.

मासे खातात आणि अमोनिया बाहेर टाकतात, त्यातला बराचसा कल्ल्यांवाटे. ३२ टक्के प्रथिने असलेल्या १०० ग्रॅम खाद्यातून साधारण ३ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात येतो. खडीवर वाढणारे नायट्रोसोमोनास गटाचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, नायट्रोस्पायरा आणि नायट्रोबॅक्टर गटाचे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट माशांना मारतात. नायट्रेट माशांना फारसे बाधत नाही आणि रोपांना तेच हवे असते. खाद्य वाढले की अमोनिया वाढतो, प्राणवायू जास्त खर्च होतो, गाळ वाढतो आणि पाण्याचा सामू (पीएच) वेगाने उतरतो.

आकडा ठरवणे

खडीच्या वाफ्यात पालेभाज्यांसाठी दर चौरस मीटरला रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य धरा, टोमॅटो-काकडीसारख्या फळभाज्यांसाठी ५० ते ८०. जेम्स राकोसी यांनी व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात तरंगत्या तराफ्यांच्या पद्धतीसाठी ६० ते १०० ग्रॅमचे प्रमाण बसवले होते. तिथे गाळ गाळून बाहेर काढला जातो आणि त्याबरोबर पोषणही जाते. खडीच्या वाफ्यात गाळ तिथेच कुजून रोपांना मिळतो, म्हणून कमी खाद्यात भागते. पहिल्यांदा करणाऱ्यांनी खडीचा वाफाच घ्यावा असे आमचे स्पष्ट मत आहे. तो एकाच वेळी गाळणी, जिवाणूंचे घर आणि रोपांचा आधार असतो. बारीक नळ्यांतून पाण्याची पातळ धार फिरवण्याच्या पद्धतीत पंप बंद पडला की कडक उन्हात मुळे काही तासांत सुकतात.

पुढचा सगळा लेख एका मांडणीवर आहे. १ मीटर लांब, ७५ सेंटीमीटर रुंद आणि ३५ सेंटीमीटर खोल असे दोन वाफे, म्हणजे एकूण दीड चौरस मीटर लागवड. पालेभाज्यांच्या हिशेबाने रोजचे खाद्य ६० ते ७५ ग्रॅम. मोठे मासे रोज वजनाच्या १ ते २ टक्के खातात. दीड टक्का धरला तर टाकीत ४ ते ५ किलो मासे लागतील. १००० लिटरला १० किलो ही नवख्या माणसासाठी सुरक्षित दाटी आहे, म्हणून टाकी ५०० लिटरची. प्रत्येकी ४०० ग्रॅमचे १२ मासे म्हणजे ४.८ किलो, आणि त्यांचे खाद्य रोज ७२ ग्रॅम. हिशेब जुळतो.

आधी वजन, मग जागा

३० सेंटीमीटर थराची खडी एका वाफ्यात २२५ लिटर बसते. लिटरला साधारण १.६ किलो धरली तरी ३६० किलो, वर भरतीच्या वेळचे ७५ लिटर पाणी. म्हणजे एक वाफा सव्वाचारशे किलोच्या पुढे जातो. दोन वाफे आणि टाकी मिळून सव्वा टनाच्या आसपास. हे जमिनीवरच ठेवा. गच्चीत किंवा बाल्कनीत ठेवायचे असेल तर इमारतीच्या रचनेचा हिशेब करणाऱ्या अभियंत्याला आकडे दाखवल्याशिवाय एक वीटही रचू नका. भाजलेल्या मातीचे फुगीर गोळे वापरले तर वाफ्याचे वजन निम्म्याहून कमी होते.

जागेवर दिवसाला किमान ५-६ तास ऊन हवे, पण ते वाफ्यांवर. टाकी सावलीत आणि झाकलेली असावी. उघड्या टाकीत शेवाळ माजते, रात्री तेच प्राणवायू ओढते, आणि मासे उड्या मारून बाहेरही पडतात. टाकी अन्नपदार्थांसाठी योग्य अशा प्लास्टिकची घ्या. पूर्वी रसायन साठवलेली पिंपे कितीही धुतली तरी वापरू नका. तांब्याची, पितळेची आणि जस्ताचा मुलामा दिलेली जोडणी टाळा, कारण पाणी थोडे आम्लधर्मी झाले की हे धातू विरघळून माशांना बाधतात.

खडी

८ ते २० मिलिमीटर आकाराची खडी हवी. त्याहून बारीक असली तर गाळाने चोंदते, त्याहून मोठी असली तर जिवाणूंना पृष्ठभाग कमी पडतो आणि रोप लावताना हात सोलवटतात. विकत घेण्याआधी मूठभर खडी भांड्यात घ्या आणि ती बुडेल इतके व्हिनेगर ओता. बुडबुडे फसफसले तर ती चुनखडी आहे, परत करा. अशी खडी सामू ७.५ च्या वर अडकवून ठेवते, मग लोह रोपांना मिळत नाही. पास झालेली खडी पाणी नितळ येईपर्यंत धुवा. हे कंटाळवाणे काम आहे, चार-पाच वेळा पाणी बदलावे लागते. इथे आळस केला तर तीच माती महिन्याभराने पंपात आणि सायफनमध्ये सापडते.

बेल सायफन

वाफा भरायचा आणि झटकन रिकामा व्हायचा, हे चक्र दिवसभर चालते. भरताना मुळांना पाणी मिळते, ओसरताना खडीच्या फटींत ताजी हवा ओढली जाते. हे काम विजेशिवाय करणारी युक्ती म्हणजे बेल सायफन.

१. वाफ्याच्या तळाला भोक पाडून २५ मिलिमीटरचा टँक निपल रबरी वायसरसह बसवा. त्यात २५ मिलिमीटरची उभी नळी लावा. तिच्या वरच्या टोकाला २५ वरून ४० मिलिमीटरचा रिड्यूसर नरसाळ्यासारखा उलटा बसवा. नळीचे तोंड तळापासून २५ सेंटीमीटरवर यायला हवे, म्हणजे वरची ५ सेंटीमीटर खडी कायम कोरडी राहते. ही कोरडी पट्टी शेवाळ आणि खोडकूज दोन्ही रोखते.

२. उभ्या नळीवर ७५ मिलिमीटरच्या पाइपची २८ सेंटीमीटर उंच घंटा ठेवा. वरचे झाकण सोल्युशन लावून पूर्ण हवाबंद करा. खालच्या काठावर १ सेंटीमीटर उंचीच्या चार खाचा कापा.

३. त्याभोवती ११० मिलिमीटरच्या पाइपची, भोके पाडलेली ३५ सेंटीमीटर उंच जाळी उभी करा. तिच्यामुळे खडी आत येत नाही आणि घंटा उचलून साफ करता येते.

४. वाफ्याखाली निचऱ्याची नळी २० ते ३० सेंटीमीटर सरळ खाली आणा आणि टोकाला एक एल्बो लावा. एल्बोमुळे नळीत पाणी क्षणभर तुंबते, हवा बाहेर ढकलली जाते आणि सायफन लागतो. टोक टाकीच्या पाण्यात बुडवू नका.

खडी भरण्याआधी नुसत्या पाण्यावर चाचणी घ्या. पाणी नळीच्या तोंडाशी आले की आधी बारीक झुळझुळ ऐकू येते, मग घुटका घेतल्यासारखा आवाज होतो आणि पाणी जोरात ओढले जाते. शेवटी खाचांतून हवा शिरली की सुर्र करून ओढ तुटते. पाणी तोंडावरून नुसते ओघळत राहिले तर आवक कमी आहे किंवा झाकणातून हवा गळते आहे. वाफा रिकामा होऊनही ओढ तुटत नसेल, खाली एकसारखी धार चालू असेल, तर आवक जास्त आहे. व्हॉल्व्ह थोडा आवळा. तरीही तुटत नसेल तर घंटेच्या माथ्यात भोक पाडून बारीक लवचिक नळी हवाबंद बसवा आणि तिचे दुसरे टोक तळापासून अडीच सेंटीमीटरवर बाहेरच्या बाजूला बांधा. पाणी तिथवर उतरले की हवा थेट घंटेच्या डोक्यात शिरते.

सायफन जमतच नसेल तर टायमर लावा: पंप १५ मिनिटे चालू, ४५ मिनिटे बंद. तेव्हा घंटा नको. उभ्या नळीच्या बुडाशी ६ ते ८ मिलिमीटरचे भोक पुरते, पंप थांबला की पाणी त्यातून उतरते. पण मग पंप त्या मानाने मोठा घ्यावा लागतो.

पंप आणि हवा

टाकीतले पाणी तासाला एकदा पूर्ण फिरावे, म्हणजे तासाला ५०० लिटर, प्रत्येक वाफ्याला २५०. पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. पाणी सव्वा-दीड मीटर चढवायचे तर तासाला १००० ते १२०० लिटरचा पंप घ्या आणि टी लावून दोन बॉल व्हॉल्व्हने पाणी वाटा. बादली आणि घड्याळ घेऊन आवक मोजा: १० लिटरची बादली १४४ सेकंदांत भरली की तासाला २५० लिटर. या गतीने वाफा १८ मिनिटांत भरतो.

दोन्ही वाफे एकाच वेळी भरले तर टाकीतले १५० लिटर पाणी वर जाते. टाकी ६० सेंटीमीटर खोल असेल तर पातळी १८ सेंटीमीटर उतरते. पंप तळापासून १५ सेंटीमीटर उंच ठेवा. एखादी नळी निसटून पाणी बाहेर गेले तरी माशांना जगण्यापुरते पाणी खाली उरते. याहून मोठे वाफे हवे असतील तर खाली वेगळी साठवण टाकी लागेल.

हवेचा पंप वेगळा आणि चोवीस तास चालू. मिनिटाला ५ ते १० लिटर हवा देणारा पंप आणि दोन एअर स्टोन, म्हणजे हवेचे बारीक बुडबुडे सोडणारे सच्छिद्र दगड. विरघळलेला प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ नये. २० अंश सेल्सिअसला पाण्यात जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसातच, म्हणून उन्हाळ्यात मासे आधी धापा टाकतात. विजेच्या जोडणीला गळती ओळखून तुटणारा ब्रेकर हवाच, आणि प्रत्येक वायर प्लगपर्यंत जाण्याआधी खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे पाण्याचे थेंब प्लगपर्यंत पोचत नाहीत.

मासे आणण्याआधीचे सहा आठवडे

पाणी भरा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर हवा सोडत २४ ते ४८ तास ठेवल्यावर ते उडून जाते. क्लोरामाइन असेल तर जात नाही, त्याला सोडियम थायोसल्फेट किंवा क जीवनसत्त्व लागते. यानंतर जिवाणूंना उपाशी न ठेवता वाढवायचे. शुद्ध अमोनियम क्लोराइड, म्हणजे नवसागर, त्यात इतर काही मिसळलेले नसावे. ५०० लिटरला सुमारे ४ ग्रॅम टाकले की अमोनिया-नायट्रोजन लिटरला २ मिलिग्रॅम होतो. पंप चालू ठेवा आणि दिवसाआड चाचणी किटने मोजा.

पहिला आठवडा काहीच घडत नाही असे वाटते. मग अमोनिया उतरतो आणि नायट्राइट चढते, बरेचदा किटच्या गडद जांभळ्या रंगापर्यंत. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्याच्या दरम्यान नायट्राइट कोसळते आणि नायट्रेट दिसू लागते. या काळात अमोनिया शून्यावर आला की पुन्हा ४ ग्रॅम टाका. टाकलेला अमोनिया २४ तासांत संपला आणि नायट्राइटही शून्याजवळ असेल, तेव्हाच यंत्रणा तयार. चालू असलेल्या निरोगी टाकीतली दोन-तीन मुठी खडी मिळाली तर हा काळ बराच घटतो. थंड पाण्यात मात्र महिने लागू शकतात. घाईने पहिल्याच आठवड्यात मासे सोडणे हे ॲक्वापोनिक्स बंद पडण्याचे एक मोठे कारण आहे, आणि त्यात जीव जातात, म्हणून इथे आम्ही काटेकोर आहोत.

मासे सोडणे

पाण्याच्या तापमानाप्रमाणे मासा निवडा, उलटे करू नका. तिलापिया २७ ते ३० अंशांत उत्तम वाढतो, कार्पला २५ ते ३० मानवते, ट्राउटला १० ते १८. खायचे नसतील तर गोल्डफिश किंवा कोई चालतात, खत तेही तितकेच देतात. तिलापिया पाळण्यावर अनेक ठिकाणी बंदी आहे किंवा परवाना लागतो, आधी चौकशी करा.

१४ बोटुकल्या, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, आणा, एखाददुसरी दगावते. पिशवी टाकीत २०-३० मिनिटे तरंगू द्या, मग थोडे थोडे टाकीचे पाणी पिशवीत घाला आणि मासे जाळीने सोडा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नका.

आता कागदावरचा ७२ ग्रॅमचा आकडा लगेच लागू होत नाही, हे ध्यानात घ्या. २५ ग्रॅमच्या १४ बोटुकल्या म्हणजे ३५० ग्रॅम वजन. लहान मासे वजनाच्या ४ टक्के खातात, तरी रोजचे खाद्य १४ ग्रॅमच होते. एवढ्यावर दीड चौरस मीटरचा एक-पंचमांश भाग पोसतो. दोन्ही वाफे पहिल्याच दिवशी गच्च लावले तर महिन्याभरात रोपे पिवळी पडतात आणि दोष बियाण्यावर जातो. एका वाफ्याच्या अर्ध्या भागापासून सुरू करा आणि खाद्य वाढेल तशी लागवड वाढवा.

खाद्य रोज वजनकाट्यावर मोजा आणि वहीत लिहा. दिवसातून दोनदा द्या. अर्ध्या तासात जे संपले नाही ते जाळीने काढा. तरंगते खाद्य घ्या, म्हणजे किती उरले ते दिसते. अमोनिया किंवा नायट्राइट लिटरला १ मिलिग्रॅमच्या वर गेले की खाद्य बंद. मासे चार दिवस उपाशी राहू शकतात, विषारी पाण्यात राहू शकत नाहीत.

रोपे

लेट्यूस, पालक, बेसिल, पुदिना, चार्ड यांनी सुरुवात करा. रोपाच्या मुळांची माती हलक्या हाताने धुऊन मुळे ओल्या थरापर्यंत खोचा. लेट्यूस चौरस मीटरला २० ते २५, टोमॅटो ३ ते ५. पुदिना सायफनपासून लांब लावा, त्याची मुळे जाळीतून आत शिरून नळी बुजवतात. वाफे स्थिरावले की प्रत्येकात मूठभर गांडुळे सोडा, ती गाळ फोडतात.

सामू, लोह आणि पिवळी पाने

मासे, जिवाणू आणि रोपे तिघांना चालेल असा सामू ६.८ ते ७.० आहे. जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करताना आम्ल तयार करतात, म्हणून सामू सतत उतरत राहतो. तो ६ च्या खाली गेला की जिवाणूंचे काम मंदावते आणि अमोनिया साचतो. सामू वाढवायला एकदा विझवलेला चुना आणि एकदा पोटॅशियम बायकार्बोनेट असे आलटून पालटून वापरा. माशांच्या खाद्यात कॅल्शियम आणि पोटॅशियम रोपांच्या मानाने कमीच असते, ती तूटही यातून भरते. चुना बादलीत कालवा, बसू द्या आणि वरची निवळी टाकीत थोडी थोडी ओता. दिवसात सामू ०.२ पेक्षा जास्त चढवू नका. २५ अंशांना सामू ७ असताना एकूण अमोनियाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपासच विषारी रूपात असतो, ८ ला ५ टक्क्यांहून जास्त, ९ ला तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. एकदम चुना टाकला तर बिनधोक दिसणारे पाणी तासाभरात मारक होते.

खाद्यातून रोपांना पुरेसे लोह मिळत नाही. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की लोह कमी आहे. डीटीपीए किंवा ईडीडीएचए रूपातले चिलेटेड लोह, म्हणजे पाण्यात विरघळलेले राहणारे लोह, असे टाका की शुद्ध लोह लिटरला २ मिलिग्रॅम होईल. ५०० लिटरला १ ग्रॅम लोह, म्हणजे ६ टक्के लोहाची पावडर सुमारे १७ ग्रॅम. ईडीडीएचएने पाणी लालसर होते, घाबरू नका. जुनी पाने सगळी फिकट असतील तर नायट्रोजन कमी, जुन्या पानांच्या कडा करपल्या तर पोटॅशियम, टोमॅटोचे बूड काळे पडले तर कॅल्शियम. नायट्रेट शून्य असेल तर खाद्य कमी पडते आहे. १५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर रोपे कमी आहेत.

कीड आली तर फवारा मारण्याआधी थांबा. पायरेथ्रमसारखी 'नैसर्गिक' कीटकनाशकेही माशांना अतिशय विषारी आहेत. साबणाचे पाणी टाकीत गेले तरी कल्ले खराब होतात. मावा पाण्याच्या धारेने पाडा, अळ्या हाताने वेचा, वाफ्यांवर बारीक जाळी लावा. माशांवर औषध द्यायचे तर वेगळ्या टाकीत. औषध मुख्य टाकीत गेले तर जिवाणू मरू शकतात आणि भाजीही खाण्याजोगी राहत नाही. मांजर, पक्षी, उंदीर पाण्यापासून लांब ठेवा. पानांवर टाकीचे पाणी उडू देऊ नका आणि काढलेली भाजी स्वच्छ पाण्याने धुवा.

काय बिघडते

पहाटे मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून हवा घेताना दिसले तर प्राणवायू कमी आहे. आधी एअर स्टोन बघा, मग अमोनिया मोजा, त्या दिवशी खाद्य देऊ नका. अमोनिया अचानक वाढला तर बहुधा टाकीच्या कोपऱ्यात एखादा मासा मरून पडलेला असतो. तो काढा आणि तिसरा हिस्सा पाणी क्लोरीन घालवलेल्या पाण्याने बदला. नायट्राइट वाढून मासे सुस्त झाले असतील तर आयोडीन नसलेले मीठ लिटरला १ ग्रॅम टाका. क्लोराइडमुळे नायट्राइट कल्ल्यांतून आत शिरत नाही. स्ट्रॉबेरी लावली असेल तर मात्र ती मीठ सोसत नाही. वाफ्यातून सडक्या अंड्यासारखा वास आला तर तिथे हवा पोचत नाही, तेवढा भाग उकरून गाळ धुवा.

वीज जाणे हा सर्वांत मोठा धोका. दाट टाकीत काही तासांतच मासे मरू शकतात. बॅटरीवर आपोआप चालू होणारा हवेचा पंप पहिल्याच खरेदीत घ्या, आणि महिन्यातून एकदा मुख्य प्लग काढून तो खरोखर चालू होतो का ते बघा.

मासे ४०० ग्रॅमचे झाले की काढायला हरकत नाही. आधी काही दिवस स्वच्छ पाण्यात उपाशी ठेवले तर मातकट चव कमी होते. पण सगळे एकदम काढू नका. १२ मोठे मासे काढून त्यांच्या जागी बोटुकल्या सोडल्या की रोजचे खाद्य ७२ ग्रॅमवरून १४ वर येते, आणि नायट्रेटचा साठा संपला की वाफे पिवळे पडतात. दर पंधरवड्याला दोन-दोन मासे काढा. पहिली तुकडी निम्म्या वजनाची झाली तेव्हाच पाच-सहा बोटुकल्या टाकीत जाळीच्या पिंजऱ्यात वाढायला ठेवलेल्या असल्या, तर खाद्याचा खड्डा बराच उथळ होतो. तरीही वहीतला आकडा ४० ग्रॅमच्या खाली गेला, तर त्या आठवड्यात कापलेल्या लेट्यूसच्या जागी नवे रोप लावू नका.